वजा तीस

९ नोव्हेंबर, रविवार

ही वही मुळात ग्रामपंचायतीची. नळपाणी योजनेचा दाब रोज सकाळ-संध्याकाळ लिहायला दिलेली. एकतीस वर्षं मी गावाला पाणी सोडलं. निवृत्त झालो तेव्हा वही अर्धी कोरी होती. सरपंच म्हणाले, घ्या वाल्मिककाका, आठवण म्हणून. चार वर्षं माळ्यावर उंदरांशी संसार करून ती आज खाली आली, कारण घरात पुन्हा दाबाचं काम निघालंय.

काल आमची भूमिका माहेरी आली. पहिलटकरीण, सात महिने भरले, रीतीप्रमाणे बाळंतपण आमच्याकडे. जावई शेखर सोडायला आला होता. तो वाशिंदला कारखान्यात असतो, बोलतो कमी नि घड्याळ बघतो जास्त. त्यानं चहा पिता पिता सांगितलं, "मामा, हिचं बीपी जरा वर सरकतंय. डॉक्टर बोलले, घरी दोन टाइम मोजायचं. एकशेचाळीस-नव्वदच्या वर गेलं तर फोन, एकशेसाठ-एकशेदहा झालं तर फोनबिन नाय, सरळ दवाखाना."

मी म्हटलं, "जावईबापू, उभा जन्म दाब मोजण्यात गेला. पाण्याचा काय नि रक्ताचा काय. नळी ती नळीच."

रंभा आतून म्हणाली, "माझ्या पोरीला तोटी नाय बसवायची हां."

१२ नोव्हेंबर, बुधवार

शेखरनं मशीन पाठवलं. दंडाला पट्टा, त्याला रबरी नळी, नि आकडे दाखवणारी डबी. बटण दाबलं की फुगतं, गुरगुरतं, मग सोडतं. वरचा आकडा नि खालचा आकडा.

दाब दाखवणारं नवं गेज आलं की एकदम कामाच्या लाईनीवर लावायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नेम. आधी ओळखीच्या लाईनीवर लावून बघायचं. घरातली सगळ्यात ओळखीची लाईन म्हणजे मी. लावलं.

१७२/१०४.

हसूच आलं. सकाळी दोन भाकऱ्या नि सुकटीची चटणी खाऊन, वालाच्या शेताला चक्कर मारून आलेला माणूस मी. दुखणं नाही, खुपणं नाही. पंचायतीत एकदा शिबिर झालं होतं तेव्हा माझं १३० भरलं होतं, ते कागदावर आहे. शिबिराला पंधरा-सोळा वर्षं झाली, पण माणूस तोच आहे ना? म्हणजे मशीन जास्त दाखवतं.

यात मशीनचा अपमान नाही. टाकीखालचं आमचं गेजही पाण्याचा दाब अर्धा किलो जास्त दाखवायचं. एकतीस वर्षं मी अर्धा वजा करून लिहिलं, गावाला कधी पाणी कमी पडलं नाही. गेज खोटं असलं तरी चालतं, खोट किती ते ठाऊक पाहिजे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, म्हणून दुसरी लाईन शोधली. रंभा दंड देईना. "मला पट्टा बांधायला मी काय बैल हाय?" मग शेजारच्या कमळाबाईला बोलावलं. ती पंच्याहत्तरीची, पण अजून डोक्यावर लाकडाची मोळी आणते. अलीकडे उठताना तिला गरगरतं, ते वयाचं.

कमळाबाई: १६८/९८.

झालं! दोन ठणठणीत माणसं, दोन्हींचा आकडा वर. मशीनची खोट पक्की. मी हिशेब बसवला, वरच्यातून तीस वजा, खालच्यातून पंधरा. थोडं हातचं राखूनच धरलं, खरं तर चाळीसच वजा करायला हवेत.

कमळाबाई म्हणाली, "वाल्मिक, माझा काय निघाला रे?"

"तुझा निघाला एकशेअडतीस. घोडी हायेस घोडी."

ती खूश होऊन मोळी आणायला गेली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

भूमिकाचं सकाळी ११२/७५, संध्याकाळी ११४/७७ (वजा करून). एकदम झकास. उलट कमीच म्हणायला हवं. रंभाला सांगितलं, पोरीच्या पानात कैरीचं लोणचं वाढत जा, दाब कमी आहे. मायलेकी दोघी खूश.

मोजताना डबीचं तोंड मी माझ्याकडे ठेवतो. आकडा दिसला की माणूस आकड्याला घाबरतं आणि आकडा आणखी चढतो. भूमिका म्हणाली, "बाबा, मला बघू तरी द्या." मी म्हटलं, "ऑपरेटर कोण, तू का मी?"

शाळेजवळचा पाईपाचा जोड आज पुन्हा फुटला. या वर्षातली सहावी खेप. माझ्यामागून पाणी सोडायला नवसू लागलाय. पोरगा मेहनती आहे, पण माझ्या वेळी असं होत नव्हतं. बोलत नाही, उगाच म्हातारा टोचतो असं व्हायचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तपासणीला तालुक्याला नेलं. टोकावड्याहून एसटी चुकली, जीपनं गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण बोलणं आजीसारखं. त्यांच्या मशीनवर भूमिकाचं १४२/९० भरलं. मी लगेच वही पुढे केली. त्यांनी पानं चाळली, म्हणाल्या, "घरी तर छान आहे. काही जणींचं दवाखान्यात आल्यावर वाढतं. लघवी साफ आहे. आठवड्यानं या, घरी मोजणं सोडू नका. पाय-तोंड सुजलं, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, तर थांबू नका."

कोणी असं वही बघून "छान" म्हणालं, त्याला चार वर्षं झाली होती.

मी विचारलं, "बाई, मी पाणीवाला माणूस. नळीत दाब वाढतो म्हणजे पंप जोरात असतो, नाहीतर पुढे नळी चोंदलेली असते. गरोदर बाईला यातलं काय होतं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर पंचवीस बाया बसलेल्या, तरी त्यांनी समजावलं. रक्ताच्या नळीला आतून एक पातळ अस्तर असतं. ते अस्तर स्वतः एक वायू तयार करतं, नायट्रिक ऑक्साइड. तो वायू नळीभोवतीच्या स्नायूला जाऊन सांगतो, सैल हो. स्नायू सैल झाला की नळी रुंद होते, दाब उतरतो. पोटात बाळ असलं की त्याला पोसणाऱ्या वारेकडे पुष्कळ रक्त जायला हवं, म्हणून नळ्या चांगल्या रुंद व्हायला हव्यात. पण काही जणींची वार नीट रुजत नाही. मग ती रक्तात असं काही सोडते की ते अस्तरच बिघडतं. वायू कमी पडतो. नळ्या आवळून बसतात. दाब चढतो, मूत्रपिंडावर, डोक्यावर ताण येतो, बाळाला पुरवठा कमी. नाव लिहून घेतलं, प्रीएक्लॅम्प्सिया. म्हणताना जीभ दोनदा घसरते.

"आणि हा वायू टिकतो किती?"

"काही सेकंद."

जीपमध्ये माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. एकतीस वर्षं मी उन्हातान्हात व्हॉल्व्ह फिरवत हिंडलो, आणि इथे नळीलाच अक्कल! स्वतःच ओळखते, स्वतःच सैल होते. नि तो वायू जन्माला येतो, एकच निरोप सांगतो, "सैल हो", आणि मरतो. असा निरोप्या आमच्या पंचायतीला एक जरी मिळाला असता!

२३ नोव्हेंबर, रविवार

फोनवर वाचलं. बीट नि पालेभाजी यांत नायट्रेट असतं, त्याचा शरीरात नायट्रिक ऑक्साइड होतो. लगेच मुरबाडहून चार किलो बीट आणलं.

रंभानं विचारलं, "हे नायटरेट म्हंजे काय?"

"नायट्रोजन असतो त्यात."

"नायट्रोजन तर युरियात असतो. पोरीला युरिया चारताव काय?"

"अगं, युरिया वेगळा."

"भाताला घातला का भात तरारतो, तसं पोर तरारेल म्हणता?" आणि कमळाबाईकडे बघून, "ह्यांना निवृत्त कशाला केला गो पंचायतीनं? घेतला असता अजून दहा वर्षं ठेवून."

तरी बीट शिजलं. कोशिंबीर, भाजी, भाकरीच्या पिठातही थोडं. भाकरी जांभळी झाली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे परसाकडे गेलो तर लघवी लाल. भिंतीला टेकून कुलदैवताला पाच नारळ बोललो. घरात येऊन रंभाला हळूच सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली. "बीट हाय ते. कालपासून माझीबी तशीच हाय." पाच नारळ मात्र बोलून गेलो, ते फेडावे लागतील.

भूमिकाचं १४८/९४, म्हणजे ११८/७९. बिटाचा गुण नाही अजून. आधीच नॉर्मल असलेल्याला आणखी गुण काय यायचा म्हणा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल तपासणीची तारीख होती. भाताची झोडणी चालू आहे, मजूर एकदाच मिळतात. आकडे झकास आहेत, पुढच्या आठवड्यात जाऊ असं मीच ठरवलं. भूमिकाच्या पायाला सूज आहे. रंभा म्हणाली, हिच्या वेळी मलाबी होती, चपला घालता येत नव्हत्या. मग बरोबर.

३ डिसेंबर, बुधवार

सूज हातावर आली. अंगठी निघेना, साबण लावून काढली. आकडा पहिल्यांदा १६२/१०८ आला. वजा करून १३२/९३. खालचा नव्वदच्या वर गेला. शेखरनं सांगितल्याप्रमाणे फोन करायला हवा.

पण मशीनला घाई झाली असेल म्हणून पुन्हा मोजलं. १६०/१०७. तिसऱ्यांदा १५८/१०४, म्हणजे १२८/८९. हा लिहिला.

लिहून झाल्यावर बराच वेळ पेन हातात धरून बसलो. पंपघरात कधी तीनदा गेज बघून आवडेल तो आकडा लिहिला नव्हता.

६ डिसेंबर, शनिवार

भूमिकाचं डोकं जड आहे म्हणते. गावातल्या बाळंतपणांचं बघणाऱ्या आमच्या आशाताई, संघरत्ना, महिन्याच्या पहिल्या शनिवारी घरोघर फिरतात. पण आज त्या दादरला चैत्यभूमीवर, सोमवारी येतील. त्यांना बोलावून विचारू. मशीनची खोट वाढली की काय असं मनात येतं. गेज जुनं होत जातं तशी खोट वाढते. पण हे तर महिन्याचं आहे.

रात्री वजा न करता भूमिकाचा आकडा एका कागदावर लिहिला नि कागद फाडून टाकला.

८ डिसेंबर, सोमवार. लिहितोय दवाखान्याच्या बाकावर

सकाळी भूमिका म्हणाली, "बाबा, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत." दिवसाढवळ्या काजवे. मी चपला शोधत होतो तेवढ्यात संघरत्ना दारात आली. पिशवी खाली न ठेवताच तिनं भूमिकाचं तोंड बघितलं नि स्वतःचं मशीन काढलं.

१६६/११२.

"काका, कधीपासून हाय हे?"

मी म्हटलं, "घाबरू नको. तुझंही मशीन तीसनं जास्त दाखवतंय. कंपनी एकच असेल."

"तीसनं?"

मी वही दाखवली, नेम समजावला. ती ऐकत राहिली. मग तिनं आमचं मशीन स्वतःच्या दंडाला लावलं. ११२/७२.

"करा वजा."

केलं. ८२/५७.

"ब्याऐंशी-सत्तावन्न," संघरत्ना म्हणाली. "म्हंजे मी आता तुमच्या दारात आडवी पडायला पायजे. पडले का?"

तिनं माझा हात ओढला, आधी तिचं मशीन लावलं, मग आमचं. १७८/१०६. १७६/१०६.

"मशीन नाय बिघडलं, काका. तुमी बिघडलाव."

रंभा चुलीपुढून उठली. "आणि कमळाबाई?"

"तीपण."

"म्हंजे ह्यांनी दोन फुटक्या घागरी घेऊन विहीर मोजली!"

हे ऐकायला येत होतं, पण मी बघत होतो भूमिकाकडे. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, आणि माझ्या वहीत तिचा दाब नॉर्मल होता. संघरत्नानं १०८ ला फोन केला. गाडी येईपर्यंत तिला डाव्या कुशीवर झोपवलं. मी तिचे पाय धरून बसलो. सुजलेल्या पायावर माझ्या बोटाचा खड्डा उमटला तो भरून येईना.

तालुक्याला इंजेक्शन दिलं, झटका येऊ नये म्हणून, आणि तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. लघवीत प्रथिनं आहेत म्हणाले. शेखर कामावरच्या कपड्यांतच आला. मी त्याला सगळं सांगितलं. तीस, पंधरा, फाडलेला कागद, सगळं. आज घड्याळ बघितलं नाही त्यानं.

९ डिसेंबर, मंगळवार

इथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरी मोजलं होतं का, आकडे आहेत का. म्हटलं, आहेत, पण खोटे आहेत. ते म्हणाले, म्हणजे मनानं लिहिलेत? म्हटलं, नाही, प्रत्येकातून तीस-पंधरा वजा आहेत.

"प्रत्येकातून? न चुकता?"

"न चुकता. एकतीस वर्षांची सवय आहे. फक्त तीन तारखेला तीनदा मोजून तिसरा लिहिला."

"मग बसा आणि परत मिळवा."

बाकावर बसून लाल पेनानं एकेक आकडा दुरुस्त केला. तीस मिळवले, पंधरा मिळवले. एकेका ओळीला पोरीचं दुखणं वर येत गेलं, गाळातनं भांडं वर यावं तसं. सतरा तारखेलाच १४४/९२ होतं. त्याच दिवशी फोन करायचा होता. मी लोणचं वाढायला सांगितलं.

डॉक्टरांनी पान बघितलं, तीन तारखेपुढे त्यांच्या पेनानं गोल केला. म्हणाले, "चढ कधी लागला ते कळलं, उपयोग आहे. पण पुन्हा असं करू नका." चूक केली ती नेमानं केली, म्हणून उलटी फिरवता आली. बेनेमी केली असती तर?

बिटाचंही विचारून घेतलं. म्हणाले, खा की खुशाल, पण ते भाजी आहे, या आजाराचं औषध नाही. एकदा अस्तर बिघडलं की वार बाहेर येईपर्यंत खरा उतार नाही. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिलीत, दोन दिवस काढता आले तर बरं.

११ डिसेंबर, गुरुवार

मुलगी. एक किलो आठशे नव्वद. सिझर केलं. रडली, लहान आवाजात पण मुद्द्याचं रडली. काचेच्या पेटीत ठेवलीय. भूमिका शुद्धीवर आहे, अजून इंजेक्शन चालू आहे. बाळंतपणानंतरही काही दिवस सांभाळावं लागतं म्हणाले.

आत जायला मिळालं तेव्हा तिला म्हटलं, "पोरी, माझी चूक झाली."

ती हळूच म्हणाली, "बाबा, मला आकडा बघू द्यायचा होता."

एवढंच म्हणाली. खरडपट्टी काढली असती तर बरं वाटलं असतं.

रंभाला बाहेर सांगितलं, तर तिनं डब्यातली भाकरी माझ्या हातावर ठेवली. "खावा. तुमचा एकशेशहात्तर हाय. उपाशी राहून आणखी कशाला चढवताव?" माझीही गोळी सुरू झाली आहे. कमळाबाईला संघरत्ना ओढून घेऊन गेली. ती म्हणते घोडीला गोळ्या कशाला.

१४ डिसेंबर, रविवार

नवसूचा फोन. काका, भूमिकाताई कशी हाय? सांगितलं. मग म्हणाला, शाळेजवळचा जोड पुन्हा फुटला.

माझ्या डोक्यात काहीतरी लकाकलं. विचारलं, "नवसू, टाकीखालचं गेज अजून तेच आहे?"

"नाय, ते दोन वर्षांपूर्वीच बदलला. नवा कोरा हाय."

"मग तू आकडा कसा लिहितोस?"

"अर्धा वजा करून."

"अरे नव्या गेजातून वजा कशाला? ते तीन दाखवतं तेव्हा तू अडीच समजून व्हॉल्व्ह आणखी खोलतोस. मग जोड फुटेल नाहीतर काय होईल?"

नवसू गोंधळला. "पण काका, तुमीच सांगितला होता. गेज बघायचा नि अर्धा वजा करायचा."

दवाखान्याच्या जिन्यात मी कपाळाला हात लावून बसलो. वरून शेखर येत होता. घाबरून धावत आला, "मामा, काय झाला? चक्कर आली?" त्याला सांगितलं. तो सहा दिवसांत पहिल्यांदा हसला. मग थांबवताच येईना त्याला. जिन्यात बसूनच हसत राहिला, हसता हसता डोळे पुसले.

४ जानेवारी, रविवार

काल सगळी घरी आली. बाळ दोन किलो शंभर ग्रॅम. भूमिकाच्या गोळ्या चालू आहेत, तपासण्या पुष्कळ दिवस लागतील, पुढेही आयुष्यभर दाबाकडे लक्ष ठेवायचं आहे. शाळेजवळचा जोड एकवीस दिवसांत फुटलेला नाही. पाच नारळ फेडले.

मशीन आता भूमिकाकडे आहे. डबी ओट्यावर मधोमध ठेवते, तोंड सगळ्यांकडे. सकाळी रंभा, मी, कमळाबाई नि ती स्वतः, रांगेनं. रंभानंही दंड दिला, १२२/७८. घरातली एकमेव धड लाईन तीच होती, आणि तिलाच मी लावलं नव्हतं.

आज माझी पाळी आली तेव्हा डाव्या हाताच्या बोटाला नातीनं मूठ घातली होती. एवढीशी मूठ, पण पकड पाईप आवळायच्या पान्यासारखी. उजव्या दंडाला पट्टा फुगायला लागला. मी बाळाकडे बघून बोलत होतो, तर भूमिका म्हणाली, "बाबा, बोलायचं नाय. हात सैल सोडा."

सैल सोडला.

१४२/८८. जसा दिसला तसा.